कंपायलर घडवणाऱ्या अ‍ॅडमिरल : ग्रेस हॉपर

अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या आम्हा मुलांना पायथन शिकावी लागते. काही वर्षांपूर्वी याच विषयाला सी प्लस प्लस होती. मी दोन्ही शिकलो. दहावीची परीक्षा झाल्यावर सुट्टीत जबलपूरला घरी ताईच्या जुन्या वह्यांवरून सी प्लस प्लस, आणि शाळेत परतल्यावर पायथन. पहिली कंपाइल होते, दुसरी इंटरप्रिट होते, एवढे एक वाक्य पाठ करून परीक्षेत गुण मिळतात. पण हा फरक आला कुठून, आणि कंपायलर नावाची वस्तू पहिल्यांदा कुणाला सुचली, हे शोधायला लागलो तेव्हा मी पोहोचलो अमेरिकेच्या नौदलातल्या एका अधिकारी बाईंपर्यंत. आपल्या शाळेच्या मासिकात सेनानींवर लेख नेहमी येतात. या अ‍ॅडमिरलांनी एकही लढाई लढली नाही, तरी त्यांच्यावर एक लेख व्हायलाच हवा असे मला वाटले.

ज्यांनी कॉम्प्युटर घेतलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडेसे. माझे बाबा जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत आहेत, म्हणून उदाहरण तिथलेच देतो. तयार झालेली तोफ थेट पलटणीकडे जात नाही. तिचा भाग अन् भाग मोजतात, मग खमरियाच्या लाँग प्रूफ रेंजवर ती प्रत्यक्ष डागून पाहतात, आणि त्यानंतरच ती सैन्याच्या ताब्यात जाते. सी प्लस प्लसचा कंपायलर हा असाच फाटकावरचा तपासनीस आहे. तो तुमचा अख्खा प्रोग्रॅम आधी वाचतो आणि यंत्राच्या भाषेत उतरवतो. प्रत्येक नावापुढे ते काय साठवणार हे लिहावे लागते: पूर्णांक, दशांश की अक्षरे. पूर्णांकाच्या जागी शब्द ठेवलात तर प्रोग्रॅम फाटकाबाहेर पडतच नाही.

पायथनमध्ये असा तपासनीस नाही. नावावर कसलाच शिक्का नसतो. शिक्का असतो त्यात ठेवलेल्या वस्तूवर. आत्ता ज्या नावात ५ आहे, त्याच नावात पुढच्या ओळीला तुमचे आडनाव ठेवा, ती हूं की चूं करत नाही. ओळीची पाळी आली की ती ओळ तपासली जाते. गाडी रस्त्यावर निघाल्यावर चाक पाहण्यासारखे आहे हे. शंभराव्या ओळीत शब्दात आकडा मिळवायला सांगितला असेल, तर नव्व्याण्णव ओळी झोकात चालतात आणि मग प्रोग्रॅम थांबतो. ती ओळ एखाद्या क्वचितच लागू होणाऱ्या अटीच्या आत असेल, तर चूक महिनोन् महिने झोपून राहू शकते. कळफलकावरून घेतलेला १२ हा पायथनला आकडा नसतो, ते दोन अक्षरांचे लिखाण असते. त्याला तीनने गुणले की उत्तर ३६ येत नाही, १२१२१२ येते, आणि कुणी तक्रारही करत नाही.

उलट सुखही आहे. सी प्लस प्लसच्या नेहमीच्या पूर्णांकात १३ चे फॅक्टोरियल मावत नाही. पायथनमध्ये १०० चे काढा, ती सगळे अंक छापून देते. सातला दोनने भागले की सी प्लस प्लस निमूटपणे ३ सांगते, पायथन ३.५ सांगते. दहा ओळींचे काम तीन ओळींत होते. वर्गातली बहुतेक मुले यावरच खूश असतात. मला मात्र फाटकावरचा तपासनीस गेल्याची रुखरुख लागली होती. म्हणून हा शोध.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यू यॉर्क शहरातला. सात वर्षांची असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहायला तिने एक घड्याळ उघडले. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून कसे जोडलेले असते ते पाहायला दुसरे उघडले. असे करता करता घरातली सात घड्याळे सुटी झाली. आईने शिक्षा केली नाही, फक्त यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे असे ठरवून दिले. पणजोबा नौदलात अ‍ॅडमिरल होते, त्यामुळे नौदलाची ओढ घरातूनच आलेली.

व्हॅसार कॉलेजात पहिल्या खेपेला प्रवेश हुकला, कारण लॅटिनमध्ये गुण कमी पडले. पुढच्या वर्षी मिळाला. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी, १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणिताची डॉक्टरेट. त्या काळात स्त्रियांना ही पदवी फार थोड्या प्रमाणात मिळत असे. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झाले. ते १९४५ मध्ये मोडले, पण आडनाव राहिले. व्हॅसारमध्येच त्या गणित शिकवत होत्या आणि तसेच चालू राहिले असते तर आज त्यांचे नाव आपण ऐकलेही नसते.

मग युद्ध आले. पर्ल हार्बरनंतर त्यांनी नौदलात जायचे ठरवले. वय जास्त होते आणि वजन नियमापेक्षा सुमारे सात किलो कमी. शिवाय गणिताचे प्राध्यापक सरकारला युद्धकाळात जागेवरच हवे होते. त्यांनी वजनाची सवलत मिळवली, कॉलेजातून रजा मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये राखीव नौदलाच्या महिला दलात भरती झाल्या. तेव्हा त्या ३७ वर्षांच्या होत्या आणि प्रशिक्षणातल्या सोबतिणी त्यांच्या विद्यार्थिनी शोभतील अशा. १९४४ मध्ये त्या तुकडीत पहिल्या आल्या आणि लेफ्टनंट झाल्या.

त्यांना वाटले असेल की सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम मिळेल. नेमणूक झाली हार्वर्ड विद्यापीठात. तिथे हॉवर्ड एकेन या नौदलाच्याच राखीव दलातल्या कमांडरच्या हाताखाली मार्क वन नावाचे यंत्र होते. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन पाच टनांच्या आसपास. सेकंदाला तीन बेरजा करायचे. आज हे ऐकून हसू येते, पण ते न थकता, रात्रंदिवस आणि २३ अंकांपर्यंत अचूक बेरजा करायचे. एकेनसाहेबांचा कारभार जहाजासारखा होता: गणवेश, पाळ्या, हजेरी. जुलै १९४४ मध्ये हॉपर रुजू झाल्या, तर स्वागत म्हणून हातात एक गणित आणि ते पुरे करायची तारीख. काम होते आर्क टँजंटच्या कोष्टकासाठी सहगुणक काढण्याचे, आणि मुदत एका आठवड्याची. यंत्राशी बोलायचे कसे हे त्यांनी तिथल्या दोन तरुण अधिकाऱ्यांकडून शिकून घेतले. पुढे याच यंत्राची ५६१ पानांची माहितीपुस्तिका त्यांनी लिहिली. युद्ध संपण्याआधी जॉन फॉन नॉयमन एक गणित घेऊन तिथे आले होते. ते अणुबॉम्बचे होते, हे त्या खोलीतल्या लोकांना नंतर कळले.

मार्क वनला हुकूम द्यायचे ते कागदी फितीवर भोके पाडून. कुणी एखादे काम बरोबर जमवले, समजा साइन काढायचे, की ते हुकूम वहीत उतरवून ठेवत. दुसऱ्याला गरज पडली की तो वही मागून त्याची नक्कल करी. युद्धाच्या घाईत ही वह्यांची देवाणघेवाण फार उपयोगी पडली. पण हॉपर यांच्या लक्षात एक गोष्ट आली. नक्कल करताना माणूस चुकतो. चार लिहायचे तिथे नऊ लिहितो. नव्या प्रोग्रॅममध्ये बसवताना पत्ते बदलावे लागत, म्हणजे प्रत्येक आकड्यात काहीतरी मिळवावे लागे, आणि त्या बेरजाही चुकत. पलीकडे एक पाच टनांचे यंत्र उभे आहे, ज्याला नक्कल आणि बेरीज याच दोन गोष्टी बिनचूक येतात, आणि त्या मात्र माणूस करतो आहे! कंपायलरचे बीज मला इथे दिसते.

कॉम्प्युटरमधल्या चुकीला बग म्हणतात त्याची गोष्ट त्यांच्याच नावाने सांगतात. ती थोडी दुरुस्त करून सांगतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू यंत्राच्या रिलेमध्ये खरोखर एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पतंग हॉपर यांनी काढलेला नव्हता. बग हा शब्दही एडिसनच्या काळापासून इंजिनिअर वापरत आले आहेत. हॉपर यांनी तो किस्सा आयुष्यभर रंगवून सांगितला, म्हणून तो त्यांचा झाला.

युद्धानंतरचा काळ सोपा गेला नाही. हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही, आणि ताणामुळे दारूची सवय जडली. मित्रांच्या मदतीने त्यांनी स्वतःला सावरले. १९४९ मध्ये फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉचली कंपनीत त्या गेल्या. तिथे युनिव्हॅक तयार होत होते.

या कंपनीतला एक किस्सा भाषा बदलणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे. तिथल्या एका यंत्रासाठी त्यांना आठच्या पायावरचे अंकगणित शिकावे लागले. म्हणजे सातानंतर थेट दहा. त्यात त्या इतक्या मुरल्या की त्यांच्या बँकेच्या हिशेबाचा मेळ बसेना. महिनोन् महिने बसेना. शेवटी बँकेत काम करणाऱ्या भावाने वही पाहिली, तेव्हा कळले की बाई मधूनच आठच्या पायावर वजाबाकी करत होत्या. येलच्या डॉक्टरेटची ही कथा. सी प्लस प्लसमधून पायथनमध्ये आलेला मुलगा ओळीच्या शेवटी अर्धविराम ठेवत राहतो, त्याला आता माझ्यासमोर कुणी हसू नये.

आता मुख्य गोष्ट. आम्ही शाळेत आधी जुनी कंपाइल होणारी भाषा आणि मग नवी इंटरप्रिट होणारी, असे मानतो. इतिहासातला क्रम याच्या उलटा आहे. हॉपर त्या कंपनीत आल्या त्याच वर्षी तिथल्या जॉन मॉचली यांनी शॉर्ट कोड नावाची पद्धत सुचवली होती. त्यात गणिताचे सूत्र जवळजवळ जसेच्या तसे संकेतांत लिहायचे आणि यंत्राने ते एकेक करून वाचत, अर्थ लावत चालायचे. हा इंटरप्रिटरच होता. लिहिणाऱ्याचे श्रम वाचायचे, पण यंत्र सुमारे पन्नासपट हळू चालायचे. कारण उघड आहे. एकच ओळ हजार वेळा चालवायची असेल तर तिचा अर्थही हजार वेळा लावायचा. युनिव्हॅकचा एकेक तास पैशांत मोजला जात होता. ही चैन परवडणारी नव्हती.

हॉपर यांचा मार्ग निराळा. अर्थ एकदाच लावा, सुरुवातीला. वहीतली तयार कामे चुंबकीय फितीवर ठेवा, प्रत्येकाला एक क्रमांक द्या. माणसाने फक्त क्रमांक सांगायचे. यंत्राने फितीवरून ती कामे शोधायची, नक्कल करायची, पत्त्यांच्या बेरजा करायच्या आणि जोडून एक पुरा प्रोग्रॅम तयार करायचा. मग तो कितीही वेळा चालवा. साहित्य गोळा करून ग्रंथ रचणाऱ्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच त्यांनी या प्रोग्रॅमला दिला: कंपायलर. पहिला होता ए-झिरो, १९५२ सालचा. आजच्या अर्थाने तो पुरता कंपायलर नव्हता, तयार तुकडे जोडणारा होता. टाइप तपासणेही त्यात नव्हते. पण तपासायचे आणि जोडायचे ते आधी, ही रीत तिथे पडली.

या कामात एक अडचण आली आणि ती सोडवली बास्केटबॉलने. युनिव्हॅकची स्मृती फक्त हजार शब्दांची. सगळा प्रोग्रॅम एका फेरीत, पुढे पुढे जातच जोडायचा. मागे उडी मारायची असेल तर प्रश्न नाही, ती जागा ठरलेली असते. पण पुढच्या, अजून न जोडलेल्या भागाकडे उडी मारायची असेल तर? पत्ताच माहीत नाही. हॉपर कॉलेजात बास्केटबॉल खेळत. पुढे धावणाऱ्या खेळाडूकडे चेंडू द्यायचा, आपण पुढे पळायचे आणि तो परत घ्यायचा, हा डाव त्यांना आठवला. त्यांनी स्मृतीच्या शेवटी एक राखीव कोपरा ठेवला. पुढची उडी आधी त्या कोपऱ्यात जायची, तिथे खूण ठेवायची, आणि खरी जागा ठरली की कोपऱ्यातून तिकडे पाठवायचे. कोर्टवरचा पास प्रोग्रॅममध्ये उतरला. आपल्या शाळेच्या बास्केटबॉल टीमने हे लक्षात ठेवावे.

यंत्र तयार होते, पण लोकांचा विश्वास बसेना. कॉम्प्युटर फक्त गणित करतो, प्रोग्रॅम लिहू शकत नाही, असे जाणकारही म्हणत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची तेव्हा एक छोटी बिरादरी होती आणि तिला आपले कसब यंत्राला द्यायचे नव्हते. हॉपर यांनी पुढची पायरी गाठली ती या बिरादरीबाहेरच्या लोकांसाठी. गणिताची चिन्हे सोडून साध्या इंग्रजी शब्दांत हुकूम लिहायचे. याचा नमुना वरिष्ठांना दाखवताना त्यांनी तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला, कारण यंत्राला सगळे शब्द सारखेच, ते नुसते संकेत. वरिष्ठ घाबरले. पेनसिल्व्हेनियात तयार झालेल्या अमेरिकन यंत्राने जर्मन बोलावे हे त्यांच्या पचनी पडेना, आणि हॉपर यांना इंग्रजीपुरतेच काम करण्याचे कबूल करावे लागले. तेव्हा फ्रेंच चालली होती म्हणजे मराठीही चालली असती. मला हा प्रसंग वाचून उगाचच हळहळ वाटली.

ती भाषा पुढे फ्लो-मॅटिक म्हणून प्रसिद्ध झाली. मालाच्या याद्या, किमती, साठा यांसाठी ती होती. जबलपूरला सेंट्रल ऑर्डनन्स डेपो आहे, त्यामुळे साठ्याचा हिशेब म्हणजे काय असतो हे आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांना ठाऊक आहे. अशा कामात एक चुकीचा आकडा म्हणजे कुणाला तरी वेळेवर न पोहोचलेला सुटा भाग. म्हणून या भाषेत मालाचे वर्णन वेगळे आणि हुकूम वेगळे, अशी विभागणी होती. १९५९ मध्ये पेंटॅगॉनमध्ये सरकार आणि कंपन्या एकत्र बसल्या आणि सर्व यंत्रांवर चालेल अशी एक भाषा ठरवायला घेतली. तिचे नाव कोबोल. ती समितीने घडवली, पण तिचा पाया बराचसा फ्लो-मॅटिकचा होता. कोबोलमध्ये माहितीसाठी एक स्वतंत्र विभागच असतो. कुठल्या नावात किती अंक, किती अक्षरे, हे सगळे आधी जाहीर करायचे. सी प्लस प्लसमध्ये आपण नावापुढे टाइप लिहितो, तो याच शिस्तीचा भाऊबंद. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला.

पुढची वर्षे थोडक्यात. १९६६ अखेर नौदलाने त्यांना वयामुळे निवृत्त केले. सात महिन्यांत नौदलाच्याच पगारपत्रकांचा आणि कोबोलच्या निरनिराळ्या अवतारांचा घोळ आवरेना, म्हणून ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ते सहा महिने एकोणीस वर्षे चालले. १९७३ मध्ये कॅप्टन, १९८३ मध्ये कमोडोर, आणि १९८५ मध्ये त्या पदाचेच नाव बदलून रिअर अ‍ॅडमिरल झाले. ऑगस्ट १९८६ मध्ये बोस्टनला कॉन्स्टिट्यूशन या जुन्या जहाजावर त्या निवृत्त झाल्या, तेव्हा ७९ वर्षांच्या आणि नौदलातल्या सर्वांत वयस्क कार्यरत अधिकारी होत्या. व्याख्यानाला जाताना त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे नेत आणि वाटत. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त जाऊ शकेल एवढे ते अंतर. उपग्रहामार्फत संदेश पोहोचायला वेळ का लागतो असे विचारणाऱ्या अ‍ॅडमिरलांना त्या हाच तुकडा दाखवत. त्यांच्या कार्यालयातले घड्याळ उलटे फिरत असे, पण वेळ बरोबर दाखवत असे.

१ जानेवारी १९९२ रोजी त्या वारल्या. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी इतमामाने निरोप दिला गेला. त्यांच्या नावाची विनाशिका १९९७ मध्ये सेवेत आली.

त्या वारल्या तेव्हा पायथन बाहेर येऊन एक वर्षही पुरे झाले नव्हते. नेदरलँड्सच्या गिडो फान रॉसम यांनी तिची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये दिली. ज्या कारणासाठी शॉर्ट कोड मागे पडली, ते कारण तोवर उरले नव्हते. १९५० मध्ये यंत्राचा तास महाग आणि माणसाचा स्वस्त होता. चाळीस वर्षांत ते उलटले. पन्नासपट हळू चाललेला प्रोग्रॅमसुद्धा डोळ्याचे पाते लवण्याआधी संपू लागला. तपासनीस फाटकावरून उठला तो यामुळे. त्याचे काम मात्र संपले नाही, ते लिहिणाऱ्याकडे आले. आता मी प्रत्येक अट मुद्दाम खोटी आणि खरी करून दोन्ही वाटा चालवून पाहतो, आणि बाहेरून आलेला आकडा आधी आकड्यात बदलतो. पायथनमध्ये नावापुढे टाइप लिहून ठेवायची सोयही आहे. पायथन स्वतः ते तपासत नाही, पण वेगळे साधन चालवले तर ते तपासून देते.

आणि तपासनीस पुरता गेलाही नाही. पायथनचा एक प्रोग्रॅम दुसऱ्याला बोलावतो तेव्हा फोल्डरमध्ये पायकॅश नावाचे एक नवे फोल्डर आपोआप तयार होते. सुट्टीत घरी ते दिसल्यावर मी ताईला विचारले. तिने सांगितले की पायथनसुद्धा आधी अख्खी फाइल वाचते, बाइटकोड नावाच्या मधल्या भाषेत उतरवते आणि मग तो बाइटकोड ओळीने चालवते. पुन्हा अर्थ लावावा लागू नये म्हणून उतरवलेले जपून ठेवते, ते या फोल्डरात. कंस जुळला नसेल तर पहिली ओळ चालण्याआधीच ती अडवते, ते याच टप्प्यावर. टाइप तेवढे ती पाहत नाही. फाइल बदलली की पुढच्या वेळी नवे उतरवते, नाही बदलली तर जुनेच वापरते.